कुत्र्यांसाठी प्लेटलेटची पिशवी: कशी तयार करायची आणि खान्देशच्या हवेत कशी टिकवायची

डेंग्यूने ‘प्लेटलेट’ हा शब्द खान्देशात घराघरात पोचवला. त्यामुळे कुत्र्याच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर बावीस हजारांचा आकडा दिसला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, प्लेटलेट चढवायच्या का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असेच असते. पण ज्या कुत्र्याला खरोखर लागतात, त्याच्याकडे वेळ नसतो. अशा वेळी हाताशी आलेली पिशवी नीट बनलेली नसेल तर मेलेल्या पेशी चढवल्यासारखेच होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले पशुवैद्य, त्यांचे सहायक आणि लॅब सांभाळणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी ही कृती लिहिली आहे. रक्त काढणे आणि चढवणे हे पशुवैद्याच्याच देखरेखीखाली व्हायला हवे.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दीड ते पाच लाख प्रति मायक्रोलिटर असतात. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत त्या कधीकधी एकमेकींना चिकटतात आणि मशीन ती गुठळी मोजत नाही. म्हणून कमी आकडा आला की स्लाइड काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. स्मिअरच्या (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या) पातळ टोकाकडे गुठळ्या आहेत का ते पाहा. नसतील तर पेशींचा एकसारखा थर असलेल्या भागात तेल टाकून १००च्या लेन्सखाली दहा फील्ड मोजा, सरासरी काढा आणि तिला १५,००० ने गुणा. फील्डमागे दोन प्लेटलेट म्हणजे सुमारे तीस हजार. गुठळ्या दिसल्या तर रक्त पुन्हा घ्या, शक्यतो सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत.

आपल्याकडे खऱ्या कमतरतेमागे बहुतेक वेळा गोचीड असते. तपकिरी गोचीड एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि बबेशिया हे रोग पसरवते. एर्लिकियात डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मि.ग्रॅ. रोज, २८ दिवस, एवढ्या उपचारावर बहुतेक कुत्र्यांच्या प्लेटलेट आपोआप चढतात. अंगावर चार लाल ठिपके आहेत आणि कुत्रे खातेपिते आहे, तर पिशवीची गरज नाही. मालकाला शांतपणे सांगा, ‘आबा, औषध लागू पडतंय, आठ दिवस धीर धरा. उड्या मारू देऊ नका, हाड चघळायला देऊ नका आणि इंजेक्शन स्नायूत कुणाला देऊ देऊ नका.’

प्लेटलेट लागतात त्या अशा वेळी: आकडा तीस हजारांच्या खाली आहे आणि मेंदूत, फुप्फुसात किंवा आतड्यात रक्तस्राव सुरू आहे, किंवा शस्त्रक्रिया टाळताच येत नाही. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारत असेल, तर चढवलेल्या पेशीही काही तासांत, कधी काही मिनिटांत संपतात. अशा कुत्र्यात पिशवी फक्त जीव वाचवण्यापुरती वेळ मिळवून देते. खरा उपचार स्टेरॉइडचा असतो आणि तो त्याच तासाला सुरू व्हायला हवा.

रक्तस्रावामुळे तांबड्या पेशीही उतरल्या असतील, तर ताजे अख्खे रक्त जास्त उपयोगी पडते. काढल्यापासून आठ तासांच्या आत, फ्रिजमध्ये न ठेवता दिलेले अख्खे रक्त किलोमागे १० मि.लि. गेले, तर प्लेटलेट फार तर दहा हजारांनी वाढतात, पण हिमोग्लोबिनही चढते. ज्यांच्याकडे पुढे सांगितलेली यंत्रे नाहीत, त्यांच्यासाठी हाच रस्ता आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रक्त देणारे कुत्रे

वजन २५ किलोच्या वर, वय १ ते ७ वर्षे, लसीकरण पूर्ण, स्वभाव शांत, पूर्वी कधी रक्त चढवलेले नाही, गाभण राहिलेली नाही. धट्टेकट्टे देशी कुत्रे उत्तम दाता ठरते. फक्त खेड्यातल्या कुत्र्यावर गोचीड हमखास असते, म्हणून एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बबेशिया, हृदयातला जंत आणि ब्रुसेला यांची तपासणी झाल्याशिवाय सुई लावू नका. एर्लिकिया झालेले कुत्रे वरवर महिनोन्महिने ठणठणीत दिसते. पीसीव्ही (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) ४० टक्क्यांच्या वर आणि प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात. कमी प्लेटलेटच्या दात्याकडून चांगली पिशवी कोणत्याही यंत्राने निघत नाही.

एक गोष्ट विचारायची राहून जाते: वेदनाशामक. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटला आयुष्यभरासाठी निकामी करते. गेल्या आठवड्यात लंगडतो म्हणून घरच्या घरी गोळी दिली असेल, तर तो दाता दहा दिवस बाजूला ठेवा. गुंगी द्यावीच लागली तर ब्युटॉर्फेनॉल चालते. अ‍ॅसप्रोमाझिन टाळा, त्याने प्लेटलेटचे काम मंदावते आणि रक्तदाबही उतरतो.

डीईए १ हा कुत्र्यांतला मुख्य रक्तगट तपासा. प्लेटलेटच्या पिशवीत थोड्या तांबड्या पेशी राहतातच आणि तेवढ्याने डीईए १ निगेटिव्ह कुत्र्यात प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून निगेटिव्हला निगेटिव्हच. माणसाच्या प्लेटलेट कुत्र्याला कधीही चालत नाहीत. हे सांगावे लागते, कारण कोणीतरी विचारतेच.

रक्त काढणे

किलोमागे १६ ते १८ मि.लि.पेक्षा जास्त काढू नका. २५ किलोच्या कुत्र्याकडून ४५० मि.लि. ही वरची हद्द झाली. त्याच कुत्र्याकडून ३५० ची पिशवी निश्चिंतपणे भरता येते. ३५० च्या पिशवीत ४९ मि.लि. आणि ४५० च्या पिशवीत ६३ मि.लि. सायट्रेटचे द्रावण असते. एका भागाला सात भाग रक्त हे प्रमाण बिघडले की सगळे बिघडते. म्हणून अंदाजाने नाही, काट्यावर भरा. ३५० मि.लि. रक्ताचे वजन सुमारे ३७० ग्रॅम, ४५० चे सुमारे ४७५ ग्रॅम. पिशवीचे आणि द्रावणाचे वजन आधी शून्य करून घ्या.

पिशवी तिहेरी (नळ्यांनी जोडलेल्या तीन पिशव्यांची) घ्या आणि प्लेटलेटची उपपिशवी कोणत्या प्लास्टिकची आहे ते वेष्टनावर वाचा. साध्या पिशवीत प्लेटलेट तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीत. हवा आरपार जाऊ देणाऱ्या खास प्लास्टिकच्या पिशवीत पाच दिवस टिकतात. खरेदी करताना हाच एक प्रश्न विचारला तरी पुढचे निम्मे नुकसान टळते.

मानेची शीर निवडा. केस काढून क्लोरहेक्झिडिन आणि स्पिरिटने तीनदा पुसा आणि सुकू द्या. प्लेटलेट खोलीच्या तापमानात ठेवल्या जातात, त्यामुळे कातडीवरचा एखादा जिवाणूही पाच दिवसांत भरपूर वाढतो. पिशवीला पहिले २०-३० मि.लि. रक्त वेगळे घेणारी छोटी थैली असेल तर ती जरूर वापरा, सुईबरोबर आलेला कातडीचा तुकडा तिथेच अडकतो.

शीर एका झटक्यात सापडली पाहिजे. सुई आत फिरवत शोधली की ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो, गोठण्याची साखळी सुरू होते आणि प्लेटलेट तिथेच गुठळ्या धरतात. दुसऱ्यांदा टोचावे लागले तर ते रक्त लाल पेशींसाठी ठेवा, प्लेटलेटसाठी नको. पिशवी कुत्र्याच्या पातळीपासून हातभर खाली ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला हळूच उलटीसुलटी करत राहा. दहा मिनिटांत पिशवी भरायला हवी. पंधरा मिनिटे लागली तर तिची प्लेटलेट करू नका. नळीतले न मिसळलेले रक्त दाबून पिशवीत ढकलू नका, गोठलेला धागा तिथूनच आत जातो.

सुई काढल्यावर पाच मिनिटे दाबून धरा आणि दोन दिवस गळ्यात पट्टा घालू नका. एका दात्याकडून पुन्हा रक्त घ्यायचे तर किमान आठ आठवड्यांनी. उन्हाळ्यात हे सगळे सकाळी आठच्या आत उरका. दुपारी धापा टाकणाऱ्या कुत्र्याकडून रक्त घेऊ नये.

तापमान: २० ते २४ अंश

रक्त काढल्यापासून प्लेटलेट वेगळ्या होईपर्यंत पिशवी फ्रिजमध्ये जाता कामा नये. हातातल्या सवयीने सर्वांत जास्त पिशव्या इथेच मरतात. प्लेटलेट एरवी चपट्या ताटलीसारखी असते. २० अंशांच्या खाली ती गोलसर होते आणि तिच्यावर काटे येतात. पुन्हा गरम केली तरी तिचा आकार परत येत नाही. अशी पेशी कुत्र्याच्या अंगात गेली की काही तासांत गाळली जाते. उलट, तापमान वर गेले की पेशी साखर भराभर जाळतात, आम्ल साठते आणि जिवाणूंचे फावते.

भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या दिवशी पंख्याखालच्या टेबलावर ठेवलेली पिशवी म्हणजे वाया गेलेली पिशवी. कूलरची हवा गार लागते, पण तिचे तापमान हातात राहत नाही आणि ओल वाढते ती वेगळीच. हिवाळ्याचा धोका मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. धुळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, रात्री एसी बंद असतो आणि बंद खोलीतही पिशवी सकाळपर्यंत पंधरा-सोळा अंशांवर येते. उन्हाळ्यातली चूक निदान घामाने तरी कळते, हिवाळ्यातली कळतच नाही.

त्यासाठी एक जुनी रिकामी पिशवी घ्या, तिच्यात ५० मि.लि. पाणी भरा आणि तिला कमाल-किमान दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर चिकटवा. ही पाण्याची पिशवी कायम प्लेटलेटच्या शेजारी ठेवा. खोलीच्या हवेचा आकडा फसवा असतो, पाण्याच्या पिशवीचा खरा. रोज सकाळी कमाल आणि किमान दोन्ही वहीत लिहा.

पहिली फिरकी

रक्त काढल्यावर पिशवी अर्धा-पाऊण तास २२ अंशांवर शांत ठेवा आणि आठ तासांच्या आत फिरवा. सेंट्रिफ्यूज झुलत्या बकेटचा, तापमान नियंत्रित करणारा हवा. माणसांच्या रक्तपेढीच्या यंत्रात कुत्र्याची पिशवी घालण्याचा विचारही नको, ते यंत्र माणसांच्या रक्तासाठीच राखलेले असते. लाल पेशींसाठी आपले यंत्र चार अंशांवर चालवले असेल, तर २२ अंश लावून अर्धा तास रिकामे फिरवा. भांडे आतून गार राहिलेले असते आणि पडद्यावर २२ दिसत असतानाही पिशवीला थंडी लागते.

वेग फेऱ्यांमध्ये नाही, जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ, त्यात) ठरवा. सूत्र असे: जी = ०.००००१११८ × त्रिज्या × फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, फेरे मिनिटाचे. त्रिज्या मोजायची ती मधल्या दांड्यापासून आडव्या झालेल्या बकेटच्या तळापर्यंत. २० सेंमी त्रिज्येला १००० जी साठी सुमारे २११५ फेरे लागतात, २५ सेंमीला सुमारे १८९०. दुसऱ्याच्या यंत्रावरचा फेऱ्यांचा आकडा ऐकून आपल्या यंत्राला लावला की गणित चुकते ते इथेच.

सुरुवात १००० जी, ४ मिनिटे, २२ अंश यापासून करा. माणसांच्या रक्ताचा ठरलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलू नका. कुत्र्याच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा लहान असतात आणि पीसीव्ही सहसा जास्त असतो, त्यामुळे थर वेगळ्या वेळी बसतात. क्रम असा ठेवा:

१. पिशवी बकेटमध्ये उभी, सुरकुती न पडता बसवा. उपपिशव्या आणि नळ्या वर व्यवस्थित घडी करून खोचा, एखादी नळी रोटरला अडकली की पिशवी फाटते.

२. समोरासमोरच्या बकेट काट्यावर तोला. फरक एक-दोन ग्रॅमच्या आत आणा. वजनासाठी रबरी चकत्या वापरा. समोर पाण्याची पिशवी ठेवायची असेल तर तीही तेवढ्याच उंचीपर्यंत भरलेली हवी.

३. ब्रेक बंद करा. ब्रेकने यंत्र झटक्यात थांबते आणि वर आलेल्या प्लेटलेट तांबड्या पेशींत परत मिसळतात. यंत्र आपोआप थांबायला चार-पाच मिनिटे लागली तरी लागू द्या.

४. पिशवी बाहेर काढताना तान्हे बाळ उचलल्यासारखी उचला आणि प्लाझ्मा एक्स्प्रेसरमध्ये (पिशवी दाबून वरचा द्रव काढणाऱ्या चौकटीत) ठेवा. स्प्रिंगची पाटी हाताने धरून सावकाश सोडा.

५. वरचा पिवळसर, किंचित धुरकट प्लाझ्मा उपपिशवीत जाऊ द्या. लाल थराच्या वर एक ते दीड सेंटिमीटर उरला की नळीला आर्टरी (चिमटा) लावा. लोभ धरू नका. शेवटच्या दहा मि.लि. साठी थांबलात तर लाली आत येते.

तो वरचा प्लाझ्मा धुरकट दिसायला हवा. तो काचेसारखा स्वच्छ असेल तर प्लेटलेट खाली पांढऱ्या पेशींच्या थरात जाऊन बसल्या आहेत, म्हणजे फिरकी जास्त झाली. पुढच्या वेळी अर्धा मिनिट कमी करा. तो तांबूस असेल तर फिरकी कमी पडली किंवा हात हलला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक पिशवीची नोंद ठेवा. वेळ यंत्र सुरू केल्यापासून मोजता की पूर्ण वेग आल्यापासून, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन तंत्रज्ञ दोन तऱ्हेने मोजत असतील तर कोणतेच निष्कर्ष जुळत नाहीत. पाच-सहा पिशव्यांत आपल्या यंत्राची नेमकी वेळ सापडते आणि मग ती बदलायची गरज राहत नाही.

दुसरी फिरकी आणि विश्रांती

लाल पेशींची पिशवी सील करून वेगळी काढा, ती आता फ्रिजमध्ये जाऊ शकते. प्लेटलेट असलेला प्लाझ्मा २००० जी ला १० मिनिटे, २२ अंशांवरच फिरवा. २५ सेंमी त्रिज्येला हे सुमारे २६७५ फेरे होतात. ब्रेक याही वेळी बंद. आता प्लेटलेट तळाशी पांढऱ्या चकतीसारख्या बसतात. वरचा प्लाझ्मा तिसऱ्या पिशवीत काढा आणि चकतीबरोबर ४० ते ७० मि.लि. प्लाझ्मा राहू द्या. ३५० च्या पिशवीला ५० पुरतो. कमी ठेवला तर आम्ल झेपत नाही, पेशी दोन दिवसांत मरतात.

काढलेला प्लाझ्मा फेकू नका. रक्त घेतल्यापासून आठ तासांच्या आत उणे १८ किंवा त्याहून थंड तापमानात गोठवला तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा म्हणून वर्षभर उपयोगी पडतो. उंदराचे औषध खाल्लेल्या कुत्र्याला तोच लागतो.

आता या कामातला सर्वांत अवघड भाग येतो: काहीही न करणे. पिशवी लेबलची बाजू खाली करून, २२ अंशांवर, एक ते दीड तास तशीच पडू द्या. हलवू नका, दाबू नका, चकती बोटांनी मोडू नका. जोराने एकत्र दाबल्या गेलेल्या प्लेटलेट आपल्यातले रसायन सोडतात आणि एकमेकींना धरून बसतात. शांत राहिल्या तर ती पकड आपोआप सुटते. पिशवी बनली म्हणून लगेच चोळायला घेतली की त्याच गुठळ्या कायमच्या होतात.

विश्रांतीनंतर पिशवी हलक्या हाताने मागेपुढे झुलवा, मग पिशवी सतत हळू हलवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे अ‍ॅजिटेटरवर ठेवा. एखाद-दुसरी बारीक गुठळी उरली असेल तर तासा-दोन तासांत विरते. संध्याकाळीही गुठळ्या दिसत असतील तर ती पिशवी देऊ नका.

बंद जोडणीच्या पिशवीऐवजी सिरिंज आणि नळ्या वापरून थोडा प्लाझ्मा काढला असेल, तर हवेचा संपर्क आलेला आहे. तो चार तासांच्या आत चढवायचा, नाहीतर टाकून द्यायचा.

पिशवी चांगली आहे हे कसे ओळखाल

उजेडासमोर धरून हळूच हलवा. निरोगी प्लेटलेट ताटलीसारख्या चपट्या असतात, त्यामुळे उजेड परतून रेशमी झुळूक फिरल्यासारखी लाट दिसते. पेशी गोल झाल्या की ही लाट नाहीशी होते आणि पिशवी नुसती गढूळ दिसते. ही खूण फुकटची आहे, रोज बघा आणि देण्याआधी पुन्हा बघा.

मोजणीसाठी नळीतला भाग तीन-चार वेळा पिशवीत ढकलून, परत भरून घ्या. मगच सील करून तुकडा कापा, नाहीतर नळीतला जुना प्लाझ्माच मोजला जातो. मशीनची वरची मर्यादा ओलांडू नये म्हणून नमुना सलाइनमध्ये दहापट पातळ करा आणि आकडा दहाने गुणा. समजा १२ लाख प्रति मायक्रोलिटर आले आणि पिशवीत ५० मि.लि. आहे: १२ लाख × १००० × ५० म्हणजे ६,००० कोटी प्लेटलेट. दात्याच्या आकड्याशी ताडून पाहा. अडीच लाखांच्या दात्याच्या ३५० मि.लि. रक्तात सुमारे ८,७५० कोटी होत्या. निम्म्याहून कमी हाती आल्या असतील तर दोष जवळजवळ नेहमी पहिल्या फिरकीत असतो.

साठवण

२० ते २४ अंश, सतत हलती, पाच दिवस (साध्या पिशवीत तीन). आडवे हलणारे अ‍ॅजिटेटर मिनिटाला ६० ते ७० वेळा, एवढ्या गतीचे असते. हलवल्यामुळे प्राणवायू आत येतो, कर्बवायू बाहेर जातो आणि दुधाम्ल साठत नाही. पीएच ६.२ च्या खाली गेला की पेशी वाचत नाहीत. लॅबमधला व्हीडीआरएल चाचणीचा रोटेटर मिनिटाला १८० फेऱ्यांवर लावून प्लेटलेट ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. एवढ्या धक्क्याने त्या सक्रिय होतात.

पिशव्या एकीवर एक रचू नका, प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळू नका आणि भलेमोठे लेबल चिकटवू नका. पिशवीची कातडीच श्वास घेते. लेबलवर दात्याचा क्रमांक, डीईए १, काढल्याची तारीख-वेळ, प्रमाण, मोजणी आणि संपण्याची तारीख, एवढे पुरे.

वीज गेली तर अ‍ॅजिटेटर थांबतो. हलवण्याशिवाय प्लेटलेट एकूण २४ तासांपर्यंत निभावतात. तापमान मात्र तासाभरातही घात करते. म्हणून इन्व्हर्टरचा भार आधी थंडाव्याला द्या, अ‍ॅजिटेटरला नंतर. तासाभराने कोणी पिशवी हाताने चार वेळा झुलवली तरी चालते. अ‍ॅजिटेटर नसेलच तर साठवण्याच्या फंदात पडू नका, त्याच दिवशी वापरा.

थंड ठेवलेल्या प्लेटलेटचाही एक उपयोग आहे. चार अंशांवरच्या पेशी अंगात फार काळ फिरत नाहीत, पण चालू रक्तस्रावावर चटकन चिकटतात. डीएमएसओ हे पेशींना गोठताना जपणारे रसायन घालून गोठवलेल्या प्लेटलेटचेही तसेच. सामान्य दवाखान्यासाठी मात्र २२ अंशांचीच पद्धत धरून चाला. चुकून फ्रिजमध्ये गेलेली पिशवी ‘थंड साठवलेली’ म्हणून खपवू नका.

गढूळपणा बदलला, रंग करडा किंवा हिरवट झाला, बुडबुडे आले, पिशवी फुगली, तर ती उघडून न बघता नष्ट करा.

नेणे-आणणे

धुळ्याहून जळगावला किंवा नंदुरबारहून धुळ्याला पिशवी न्यायची तर थर्माकोलचा जाड डबा घ्या. जेलपॅक बर्फाळ नकोत, २२ अंशांवर रात्रभर ठेवलेले हवेत. ते दोन्ही ऋतूंत तापमान धरून ठेवतात. डब्यात मधोमध पिशवी, सोबत थर्मामीटर. एसटीने पाठवायची वेळ आली तर डबा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवू देऊ नका. तिथे इंजिनाची आच असते आणि जागा मोकळी म्हणून कंडक्टर तिथेच ठेवतो. गाडीच्या डिकीतही नको. पोचल्यावर आधी झुळूक बघा, मग डॉक्टरांच्या हातात द्या.

चढवताना

मात्रा: ४५० च्या रक्तातून बनलेली एक पिशवी दहा किलो वजनामागे. त्याने आकडा फार तर चाळीस हजारांनी चढतो. ३५० ची असेल तर त्या हिशेबाने कमी धरा. वीस किलोच्या कुत्र्याला दोन पिशव्या लागतात, म्हणून दोन दाते आधीच बघून ठेवा. पिशवी गुलाबी दिसत असेल तर क्रॉसमॅच (दोघांचे रक्त जुळते का ही तपासणी) करूनच द्या.

रक्त चढवण्याचा नेहमीचा, १७० ते २६० मायक्रॉन गाळणीचा सेट वापरा. त्याहून बारीक, २०-४० मायक्रॉनची गाळणी प्लेटलेटच अडवते. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट देऊ नका, त्यातले कॅल्शियम सायट्रेटवर मात करते आणि नळीत गुठळी होते. ग्लुकोजही नको. नळी धुवायला फक्त नॉर्मल सलाइन. पिशवी गरम पाण्यात धरू नका.

पहिली पंधरा मिनिटे किलोमागे तासाला १ मि.लि. एवढ्या संथ गतीने द्या आणि शेजारी बसून राहा. ताप एका अंश सेल्सिअसने चढला, तोंड सुजले, अंगावर गांध्या आल्या, उलटी झाली किंवा श्वास वाढला तर नळी बंद करा. पिशवी फेकू नका, तपासणीसाठी ठेवा. ताप आणि रक्तदाब उतरणे एकत्र दिसले तर जिवाणू गृहीत धरून उपचार सुरू करा. सगळे ठीक असेल तर गती वाढवून चार तासांच्या आत संपवा.

तासाभराने आणि २४ तासांनी स्लाइड काढा. तासाभराने आकडा हललाच नाही, तर आधी पिशवीची वही उघडा: मोजणी किती होती, झुळूक होती का, वाटेत किती तापमान होते. वही साफ असेल, तर मग कुत्र्याच्या अंगातच पेशी मारल्या जात आहेत. अशा कुत्र्याला दुसरी पिशवी आकड्यासाठी चढवू नका. रक्तस्राव थांबला आहे का, हिरड्यांवर नवे ठिपके येत आहेत का, डोळ्यांत रक्त उतरले आहे का, शुद्ध कशी आहे, यावर ठरवा. रक्तस्राव थांबलेला असेल तर तुमच्याकडची दुसरी पिशवी अ‍ॅजिटेटरवरच राहू द्या.